मंगळसूत्र: घालणे, न घालणे आणि काढून घेतले जाणे

जुईचा_वेल

गेल्या भाद्रपदात माझे वडील गेले. दहाव्या दिवशी नात्यातल्या एक ज्येष्ठ बाई आईला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, आणि ती बाहेर आली तेव्हा चौपन्न वर्षे तिच्या गळ्यात असलेले मंगळसूत्र तिथे नव्हते. कोणी आवाज चढवला नाही, कोणी बळजबरी केली असेही म्हणता येणार नाही; आईनेच मान पुढे केली असणार. "वाढवलं" एवढा एक शब्द दाराबाहेर ऐकू आला. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी योजलेले हे क्रियापद मला एरवी गोड वाटते. त्या दिवशी मात्र त्याचा संताप आला, आणि सात महिने झाले तरी तो उतरलेला नाही.

अडचण अशी आहे की संतापण्याचा मला काही अधिकार आहे का, हेच मला कळेनासे झाले आहे. माझे लग्न 2006 मध्ये झाले. पहिली दोन वर्षे मी मंगळसूत्र रोज घालत असे. मग लोकलच्या गर्दीचे निमित्त झाले आणि ते पर्समध्ये गेले, पर्समधून कपाटात गेले. सासरी जाताना एसटीत बसल्यावर ते घालायचे आणि परतीच्या वाटेवर काढून ठेवायचे, हे इतके अंगवळणी पडले की त्यात काही लपवाछपवी आहे असेही वाटेनासे झाले. नवऱ्याने कधी विचारले नाही. सासूबाईंनी एकदाच विचारले, "गळा मोकळा का गं?" मी म्हटले, "पोत गाठवायला टाकली आहे." ती पोत पुढची सात वर्षे गाठवायलाच होती, आणि सासूबाईंनीही पुन्हा कधी विचारले नाही, यात त्यांचा मोठेपणा होता हे मला फार उशिरा समजले.

म्हणजे जी वस्तू मी सतरा वर्षे सहज काढून ठेवली, ती आईच्या गळ्यातून काढली तेव्हा मला भडभडून आले. मी मंगळसूत्राला मानत नसेन तर मला वाईट वाटायला नको होते, आणि मानत असेन तर मी ते घालायला हवे होते. या दोहोंच्या मध्ये मी नेमकी कुठे उभी आहे, हे शोधण्यासाठी हा धागा काढते आहे. मंगळसूत्र ही गुलामी की संस्कृती, हा वाद कृपया येथे नको, कारण तो आपण सर्वांनी अनेकदा वाचलेला आहे. प्रत्यक्षात आपण काय करता आणि का करता, तेवढे सांगावे.

एक व्यावहारिक प्रश्नही आहे. आईच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि थोडे सोन्याचे मणी कपाटात एका डबीत आहेत. वर्षश्राद्धानंतर, तुळशीचे लग्न झाल्यावरच्या मुहूर्तावर भाचीचे लग्न आहे, आणि त्या वाट्या मोडीत घालून तिचे मंगळसूत्र करावे असे माझ्या भावाच्या मनात आहे. आई यावर काहीच बोलत नाही.

मधली_आळी

तुमच्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. माझे वय अडुसष्ट आहे आणि मंगळसूत्र माझ्या गळ्यातून आजवर दोनदाच उतरले आहे, तेही पोत तुटल्यामुळे. दोन्ही वेळा नवी पोत ओवून येईपर्यंत मी हळकुंड बांधलेला दोरा घातला होता.

मी ते का घालते, याचे प्रामाणिक उत्तर देते. नवऱ्याचे आयुष्य वाढते म्हणून घालते असे मी माझ्या लेकीलाही कधी सांगितले नाही, कारण आमच्या वाड्यात रोज वटपौर्णिमा असल्यासारखे सौभाग्य जपणाऱ्या दोन बायका ऐन तिशीत विधवा झालेल्या मी पाहिल्या आहेत. मला ते आवडते, एवढेच कारण आहे. लग्नात वाट्या उलट्या असतात, म्हणजे पोकळ बाजू पुढे. आमच्याकडे वर्षाने त्या सुलट्या केल्या जातात, कुठे सव्वा महिन्यानेही करतात. एक वाटी माहेरची आणि एक सासरची. परक्या घरात आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्री चाचपून पाहायला माहेरचे एवढेच सोने अंगावर होते. कशाचा निर्णय होत नसला की आजही माझा हात वाटीशी जातो.

माझी सून काहीच घालत नाही. मला पहिल्यांदा लागले, हे खोटे कशाला सांगू? पुढे सवय झाली. मात्र जेवायला बसल्यावर माझी नजर तिच्या गळ्याकडे जाते आणि ती मुद्दाम ओढणी सारखी करते, हे अजून थांबलेले नाही.

तिरपी_रेघ

थोडे कडू लिहितो, राग मानू नये. धागाकर्तीने मंगळसूत्राबाबत स्वतःसाठी सोय पाहिली आहे आणि आईसाठी तत्त्व शोधते आहे. एसटीत घालायचे आणि एसटीत काढायचे, याला स्वातंत्र्य म्हणणे मला अवघड जाते. ज्या दिवशी सासूबाईंना "मी घालत नाही" असे सरळ सांगितले असते, त्या दिवशी आईच्या बाजूने त्या खोलीत शिरण्याचे बळही आले असते.

जुईचा_वेल

राग मानला नाही. मी त्या खोलीच्या दाराशी उभी होते आणि आत गेले नाही, हे तुमच्या लिहिण्याआधीही मला ठाऊक होते.

कायद्याचा_कीस

या विषयात कायदा काय म्हणतो, याविषयी लोकांच्या मनात पुष्कळ गैरसमज असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या कलम 7 मध्ये मंगळसूत्राचा उल्लेखच नाही. वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो, एवढेच ते कलम सांगते. तमिळनाडूने 1967 च्या दुरुस्तीने कलम 7-अ जोडले. त्यानुसार स्वाभिमान पद्धतीच्या, म्हणजे पुरोहिताविना होणाऱ्या, विवाहात एकमेकांना हार घालणे, अंगठी घालणे किंवा ताली (तमिळ मंगळसूत्र) बांधणे यांपैकी एक गोष्ट पुरते. म्हणजे कायद्यात हा दागिना आला तोही एका राज्यापुरता आणि पर्याय म्हणून. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केले की कलम 7 प्रमाणे विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तेव्हा विधी हवेत, पण अमुकच हवा असे नाही.

निकालांमध्ये मात्र मंगळसूत्र निराळ्या वाटेने शिरते. जुलै 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर घटस्फोटाचे प्रकरण होते. पत्नी विभक्त होताना ताली काढून गेली होती. साखळी काढली, ताली जपून ठेवली, असे तिचे म्हणणे होते, आणि ताली बांधणे विवाहाला आवश्यकच नाही असा युक्तिवाद तिच्या वकिलांनी कलम 7 च्या आधारे केला. खंडपीठाने ताली काढण्याला मानसिक क्रौर्याची परिसीमा म्हटले आणि पतीला घटस्फोट दिला. गंमत अशी की केवळ ताली काढल्याने विवाहबंध संपतो असे आम्ही म्हणत नाही, तो हेतूचा एक पुरावा आहे, अशी पुस्तीही त्याच निकालात आहे. त्याआधी जून 2020 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने शाखा (तिकडच्या सवाष्णींच्या शंखाच्या बांगड्या) आणि सिंदूर नाकारणे म्हणजे विवाहच नाकारणे, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले होते. विवाह होताना ज्या वस्तूला कायदा विचारत नाही, तीच वस्तू विवाह मोडताना बाईविरुद्धचा पुरावा ठरते, याकडे धागाकर्तीने लक्ष द्यावे. तिच्या संतापाचे मूळ याच्याच आसपास असावे असे मला वाटते.

आता डबीतल्या वाट्यांविषयी. ते स्त्रीधन आहे. 1985 च्या प्रतिभा राणी निकालापासून याबाबत संदिग्धता उरलेली नाही: स्त्रीधनावर त्या स्त्रीची पूर्ण मालकी असते, पतीकडे ते असले तरी तो केवळ सांभाळणारा असतो, आणि पतीच्या मृत्यूने त्यात काहीही बदलत नाही. तुमच्या भावाचा हेतू चांगला असेल, पण वाट्या मोडायच्या की नाहीत हे ठरवणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती बोलत नाही याचा अर्थ तिचा होकार आहे असा होत नाही.

वाचनमात्र

2024 च्या लोकसभा प्रचारात मंगळसूत्राचे जे झाले, ते या धाग्यावर कोणी आणू नये ही विनंती. बाकी सर्व वाचतो आहे.

संहितापाठ

मी घरोघरी लग्ने लावतो, त्यामुळे मंगळसूत्रबंधनाच्या वेळी वधूचा चेहरा मला सर्वांत जवळून दिसतो. हल्ली हुक लावायला नवरदेवाला दोन मिनिटे लागतात आणि छायाचित्रकार पुन्हा एकदा बांधायला सांगतो, असो.

शास्त्रापुरते बोलायचे तर महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे नोंदवून ठेवलेले आहे की गृह्यसूत्रांना, म्हणजे घरगुती संस्कार सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांना, मंगळसूत्र ठाऊक नाही. पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, अश्मारोहण आहे, सप्तपदी आहे. मंगळसूत्र येते ते लघु-आश्वलायनासारख्या उत्तरकालीन स्मृतींत आणि टीकाकारांच्या लेखनात. पारस्कर गृह्यसूत्रावर लिहिताना गदाधर म्हणतो की सूत्रात सांगितलेले नसले तरी मंगळसूत्र धारण करावे. हे तो कोणत्या सूत्राच्या आधाराने म्हणतो, ते महत्त्वाचे आहे. पारस्करांचे वचन असे आहे की विवाहात आणि स्मशानात गावाचे सांगणे पाळावे, "ग्रामवचनं च कुर्युः". हे गाव म्हणजे कोण, तर घरातल्या आणि कुळातल्या जाणत्या वृद्ध स्त्रिया, असाही अर्थ टीकाकार करतात. म्हणजे मंगळसूत्र गळ्यात आले ते वेदाच्या आज्ञेने आलेले नसून गावाच्या सांगण्याने आलेले आहे, आणि आपल्या आईंच्या गळ्यातून ते गेले तेही गावाच्याच सांगण्याने. विवाह आणि स्मशान या दोन जागा सूत्रकाराने एकाच समासात ठेवल्या आहेत, हे मी पूर्वी कित्येकदा वाचले होते. आज आपला धागा वाचताना प्रथमच त्यापाशी थांबलो.

बांधताना जो श्लोक म्हटला जातो त्यात पाठभेद आहे. आपल्याकडे "भर्तृजीवनहेतुना" असे म्हणतात, दक्षिणेत "मम जीवनहेतुना" असे म्हणतात. पण दोन्हींकडे शेवट एकच आहे: हे सुभगे, तू शंभर शरद जग. आयुष्य मागितले आहे ते तिच्यासाठी. तो नसेल तर तिने काय करावे, याविषयी श्लोकात अक्षरही नाही. मी हल्ली हा अर्थ मराठीतून सांगतो. वधू ऐकतात, वर ऐकतात, आणि मागच्या रांगेतली मंडळी जेवणाची पाने मांडली का ते पाहायला गेलेली असतात.

भूलतज्ज्ञ

शस्त्रक्रियेआधी अंगावरचे सर्व धातू काढावे लागतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे जे उपकरण वापरतात, त्याच्या प्रवाहाने धातूखालची कातडी भाजण्याचा धोका असतो; शिवाय श्वासनलिकेत नळी घालताना किंवा मानेच्या शिरेत सुई घालताना गळा मोकळा हवा असतो. दागिना हरवला तर होणारा मनस्ताप वेगळाच, म्हणून तो नातेवाइकांच्या हाती देऊन वहीत सही घेतात.

नथ, पाटल्या, जोडवी काढताना बायका कुरकुर करतात. मंगळसूत्र काढताना गप्प होतात. वीस वर्षांत मला या गप्प होण्याची सवय झालेली नाही. कोणी म्हणते, "दोरा तरी राहू द्या", आणि सुती दोरा असेल तर आम्ही तो चिकटपट्टीने बाजूला लावून राहू देतो. एकदा एका बाईच्या सासूबाईंनी ते मंगळसूत्र मुठीत धरले आणि साडेतीन तास मूठ उघडली नाही. चहासुद्धा डाव्या हाताने घेतला. आणखी एका प्रसंगी नवऱ्याने ते स्वतःच्या गळ्यात घातले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. शर्टाच्या आत वगैरे लपवले नव्हते, चांगले बाहेर, दोन्ही वाट्या छातीवर. येणारे-जाणारे बघत होते. त्याचे त्याला काही वाटत नव्हते.

मी स्वतः घालत नाही. जिथे दर सकाळी दुसऱ्यांची उतरवून घ्यायची, तिथे आपले मिरवायला संकोच वाटू लागला आणि हळूहळू सुटले. याला कारण म्हणावे का, ते मला सांगता येणार नाही.

मायलापूरची_मराठी

मी अकरा वर्षे चेन्नईत राहते. येथे ताली म्हणजे बहुधा हळदीने रंगवलेल्या जाड दोऱ्यातले सोन्याचे पदक, आणि त्याचा आकार घराण्यानुसार, जातीनुसार वेगळा. कित्येक जणी आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कूला, तो दोरा बदलतात. माझ्या काळ्या मण्यांकडे पाहून घरकाम करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारले की लग्न झालेल्या मुलीने गळ्यात काळे कसे घातले. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळे, त्यांच्याकडे काळे म्हणजेच अमंगळ. हैदराबादेकडच्या मुसलमान बायकांचा काळ्या पोतीचा लच्छा पाहिल्यावर तर कोणते चिन्ह कोणाचे, याबाबत ठामपणे बोलणे मी सोडूनच दिले.

याच शहरात मार्च 2015 मध्ये, ताली हवी की नको या विषयावर चर्चा ठेवल्याबद्दल एका तमिळ वृत्तवाहिनीच्या कार्यालयावर गावठी बॉम्ब फेकले गेले, आणि पुढच्याच महिन्यात आंबेडकर जयंतीला पेरियार तिडलमध्ये द्राविडर कळघम या पेरियारांच्या संघटनेच्या कार्यक्रमात काही स्त्रियांनी आपल्या ताली जाहीरपणे उतरवल्या. दोन्ही बातम्या मी त्या वेळी वाचल्या होत्या. माझ्या शेजारच्या मामींना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की ज्यांना उतरवायची त्यांनी उतरवावी, पण कॅमेऱ्यासमोर का? मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या की बांधताना तरी कुठे एकांत असतो.

सराफकट्टा

आमचा तिसऱ्या पिढीचा व्यवसाय आहे, त्यामुळे बदल रोज समोर दिसतो. आजोबांच्या काळात गिऱ्हाईक डोरले मागत असे, वडिलांच्या काळात दुपदरी लांब मंगळसूत्र आणि ठसठशीत वाट्या. आता नव्या मुली गळ्यालगतचे, एका नाजूक पदकाचे मागतात किंवा हातात घालायचे काळे मणी मागतात. 2025 मध्ये तोळ्याने लाखाचा टप्पा ओलांडल्यावर वजने आणखी उतरली. बऱ्याच घरांत खरे मंगळसूत्र लॉकरमध्ये असते आणि गळ्यात एक ग्रॅमचे असते, कारण गळा हिसकला जाण्याची भीती खरी आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा केले आहे, यावरून प्रमाण लक्षात यावे. सबब घातले आहे म्हणजे श्रद्धा आहे आणि घातले नाही म्हणजे श्रद्धा नाही, असा निष्कर्ष माझ्या काउंटरवरून तरी काढता येत नाही.

मोडीविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. वडील गेल्यानंतर आईच्या वाट्या घेऊन मुले येतात. बरेच जण त्याचे वळे किंवा नातीचे कानातले करून नेतात आणि दुसरे मंगळसूत्र करायचे मात्र टाळतात. काही जण खालच्या आवाजात विचारतात की हे सोने नेमके कोणाच्या दागिन्यात जाईल. आटणीत गेलेल्या सोन्याला कोणाचे काय झाले हे आठवत नाही, असे वडील सांगत. मोड देताना एवढे पाहावे: काळे मणी आणि दोरा काढून निव्वळ वजन करावे, शुद्धता समोर तपासून घ्यावी, आणि नव्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे ना ते पाहावे; 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय विक्री करता येत नाही.

सौ_नाही_गंभा_नाही

मी अडतिसाव्या वर्षी विधवा झाले. तेराव्यानंतर मी मंगळसूत्र पुन्हा घातले, आणि आज नऊ वर्षे ते माझ्या गळ्यात आहे.

हे धैर्य नव्हते, हे आधी सांगते. माझी नोकरी फिरतीची आहे, तालुक्याच्या गावी मुक्काम करावा लागतो. मोकळा गळा आणि एकटी बाई हे समीकरण लॉजच्या खिडकीमागचा माणूस किती झपाट्याने सोडवतो, ते पहिल्याच महिन्यात कळले. दोन काळ्या सरांनी त्याचे प्रश्न बंद झाले. ज्याने मला ते बांधले होते त्याने जिवंतपणी माझे जेवढे संरक्षण केले नसेल, तेवढे तो गेल्यावर त्या पोतीने केले, असे मी विनोदाने म्हणते, आणि ऐकणारे हसत नाहीत.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे प्रकार गावात होऊ नयेत. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावे असे परिपत्रक काढले. मला तो ठराव वाचून मनापासून आनंद झाला. पुढच्या संक्रांतीला आमच्याच इमारतीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावणे आले नाही. मंगळसूत्र गळ्यात राहू देता येते. वाण देणारा हात थबकतो, त्याला ठराव लागू होत नाही. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये विधवांसाठी "गंगा भागीरथी" हा शब्द वापरण्याची सूचना मंत्र्यांच्या पत्रातून पुढे आली, त्यावर गदारोळ झाला आणि ती मागे पडली, तेव्हा मी या धाग्यावरचे माझे नाव घेतले.

धागाकर्तीला एक सांगावेसे वाटते. आपण सतरा वर्षे रोज काढत होता, कारण पुन्हा घालता येणार आहे हे आपल्याला माहीत होते. आपल्या आईंना त्या खोलीत हे सांगितले गेले की आता घालता येणार नाही. या दोन काढण्यांना एकच क्रियापद आहे, हा मराठीचा दोष आहे. त्यामुळे आपला संताप आणि आपला मोकळा गळा यांत मला कोणतीही विसंगती दिसत नाही. मात्र तिरपी_रेघ यांचे म्हणणेही मी सोडून देणार नाही. दाराबाहेर उभे राहण्याबद्दलचे.

नवे_खाते

माझे लग्न ठरले आहे, म्हणून हा धागा वाचत होते. मंगळसूत्र घालणार का, असे होणाऱ्या सासूबाईंनी विचारले आणि मी "तुम्ही म्हणाल तसे" असे उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही." आता दोघीही अडकलो आहोत.

मधली_आळी

@नवे_खाते, त्या खरेच काही म्हणत नसतील. माझ्यासारख्या असतील तर मनात म्हणत असतील, पण तेवढे त्यांना म्हणू द्यावे.

जुईचा_वेल

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आईकडे गेले होते. जे सात महिने विचारले नव्हते ते विचारले: त्या दिवशी तुझ्या मनात काय होते? ती म्हणाली की मनात काहीच नव्हते, मान फार हलकी झाली आणि त्याची लाज वाटली. मी आत का आले नाही, हे तिने विचारले नाही. मीच सांगितले. त्यावर ती म्हणाली, "तू आली असतीस तर मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं."

मग डबी उघडली. मला दोन्ही वाट्या सारख्याच दिसत होत्या. तिने मात्र एक लगेच उचलली आणि ही माहेरची, असे म्हणाली. कडेला एक पोचा आहे. मी वर्षाची असताना, दात येत होते तेव्हा, तिच्या कडेवर बसून मी ती वाटी चावत असे. तो माझ्या दातांचा पोचा आहे. चौपन्न वर्षांत तिने तो नीट करून घेतला नव्हता, आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

सासरची वाटी नातीला द्यावी, तिचे तिने हवे ते करावे, असे आईने ठरवले. माहेरची वाटी तिला स्वतःला हवी आहे, काळ्या मण्यांशिवाय, साध्या सोन्याच्या साखळीत. काळे मणी का नकोत, असे मी विचारले, कारण मला वाटले की ती लोकांना भिते आहे. ती म्हणाली की ते त्यांच्याबरोबरचे होते, ते त्यांच्याबरोबर गेले. ही वाटी माझ्या वडिलांनी दिली आहे. आम्ही दोघी तशाच सराफांकडे गेलो. पोचा काढून देऊ का, असे त्यांनी विचारले. आई नको म्हणाली.

मधली_आळी

फार बरे वाटले वाचून. आणि भाऊ काय म्हणाले?

जुईचा_वेल

भाऊ रागावलेला आहे, कारण त्याने कारागिराला नमुना आधीच दाखवून ठेवला होता. भाची म्हणते की तिला गळ्यातले नकोच, हातातले काळे मणी हवेत, आणि आजीची वाटी ती त्यातच बसवणार आहे. हे आम्ही अजून भावाला सांगितलेले नाही.